खालची पट्टी

गाडीत तीन तास एकाच गोष्टीवर वाद:
आज तिच्याबरोबर गायचं की नाही.

सिरिल, माझा नवरा, म्हणाला, नेहमीसारखं गायचं, छप्पर उडेपर्यंत,
म्हणजे तिचा आवाज कुठे फाटला ते कुणाला कळणार नाही.
त्याची बहीण व्हर्ना म्हणाली, आज तोंडाला कुलूप.
तीनशे माणसांचं ओरडणं अंगावर घेण्याइतकी
ती राहिली आहे का आता?
मी गाडी चालवत होते. एक डोळा बर्फावर,
एक कडेच्या झाडीवर, मूस आडवा येईल म्हणून.
माझं मत कुणी विचारलं नाही.
होतं तरी कुठे.

तेहेतीस वर्षं या बँडमागे हिंडतोय.
नाव 'बॅकवॉटर बॉइज', गाणारी बाई, ड्रुसिला पार्डी.
कॉडची मासेमारी बंद झाली त्या उन्हाळ्यात
पहिल्यांदा ऐकली, कारखान्याच्या वखारीत.
हातांना अजून खवल्यांचा वास,
शेवटच्या पगाराचं पाकीट खिशात,
आणि ही माशांच्या उलट्या क्रेटवर उभी राहून
असं काही गायली
की बायकोच्या मयतीतही न रडलेला माझा सासरा
उठून बाहेर गेला
आणि उगाच दोरखंड गुंडाळत बसला.

हॉलच्या दारात तिकिटं फाडणारी पोरगी सांगते,
मधे वीस मिनिटांची विश्रांती आहे.
कदाचित चाळीस.
खुर्च्या त्याच, चर्चच्या, घडीच्या, पाठीला बोचणाऱ्या.
टी-शर्टवर दौऱ्यातली सात गावं छापलेली,
त्यातल्या चारांवर काळ्या पेनाने रेघ.
तिघांनी तीन घेतले, पूर्ण किमतीत.
माझा दोन मापांनी मोठा निघाला.

ती आली. डोक्यावर लोकरीची निळी टोपी,
मनगटाच्या वर, सुई होती तिथे, पांढरी पट्टी.
तिने गसकडे पाहिलं.
गसने नेहमीचं अ‍ॅकॉर्डियन खाली ठेवलं,
पायाशी दुसरं होतं ते उचललं,
आणि गाण्याची पट्टी दोन घरं खाली उतरली.
अंधारात घरचीच पायरी चुकावी
तसं कानांना झालं.

मग धृपद आलं.
तीनशे माणसं गप्प.
म्हणजे हा वाद सगळ्याच गाड्यांत झाला होता
आणि सगळ्या गाड्यांत व्हर्नाच जिंकली होती.

ती थांबली. गस थांबला.
"कुणी मेलंय का?" तिने विचारलं.
"मी तर इथेच आहे."
आधी मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं.
"डॉक्टर म्हणतात, श्वास जपून खर्च कर.
तेव्हा धृपद तुमचं.
पण खाडीपलीकडच्या दिव्याची ओळ माझी.
तिथे जो तोंड उघडेल त्याला मी ओळखते.
त्याच्या आईलाही."

गायलो.
आणि माझ्या डाव्या कानाशी
बैलाने मान झाडावी तसा एक आवाज उठला.
सिरिल.
तेहेतीस वर्षं मी समजत होते हा माझ्या शेजारी गातोय.
नुसते ओठ हलवत होता, लबाड.
ती पट्टी त्याला कधी झेपलीच नव्हती.
आता, तिचा गळा खाली आला तेव्हा,
त्याला वाट सापडली होती
आणि तो तीवर बूट आपटत चालला होता, बेसूर, घामाघूम,
डोळे मिटून.
व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग तीही.

दिव्याची ओळ ती एकटी गायली.
जिथे फाटेल असं वाटलं तिथे फाटली नाही,
पुढे, एका साध्या शब्दावर फाटली,
'उशीर' या शब्दावर,
आणि तिने तो शब्द पुन्हा घेतला,
सांडलेलं नाणं उचलावं तसा.

विश्रांती सुरू होऊन आता पन्नास मिनिटं झाली.
पडद्यामागे कुणीतरी खोकतंय,
हीटरच्या घरघरीत नीट ऐकू येत नाही.
पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून
हीटर बंद करून आला.
कुणी काही बोललं नाही.

थंडी चढतेय. कुणी घरी जायला उठत नाही.
मी तो टी-शर्ट कोटावरून घातलाय.
बरोबर बसला.